वाफा क्रमांक सतरा आणि दोनशे बारा सल्ले

जमिनीचा तुकडा कितीही लहान असला, तरी त्याच्याविषयी मत बाळगण्याचा अधिकार सर्वांना सारखाच असतो. किंबहुना तुकडा जितका लहान तितकी मते मोठी, असे आमच्या समितीचे अकरा वर्षांचे निरीक्षण आहे. शंभर एकरांच्या शेताजवळून माणूस मुकाट्याने निघून जातो. पण बारा फूट बाय वीस फुटांच्या वाफ्यात कोणी खुरपे घेऊन बसलेला दिसला, की त्याच माणसाचे पाय थबकतात, मान एका बाजूला कलते आणि तोंडातून "असं नाही हो" हे शब्द आपोआप बाहेर पडतात.

समिती म्हणजे पाण्याच्या टाकीमागील भाजीवाफे वापरकर्ता समिती. मी तिचा चिटणीस. टाकीमागे सरकारी मोकळी जागा आहे, तिचे अठ्ठावीस वाफे पाडून आसपासच्या इमारतींत राहणाऱ्यांना भाजी लावायला दिलेले आहेत. सामाईक मालमत्ता पुढीलप्रमाणे: नळ एक, झाऱ्या चार (पैकी एक गळकी, तीच सर्वांच्या वाट्याला येते), पत्र्याची खोली एक, आणि काचेचा सूचनाफलक एक, ज्याची किल्ली माझ्याकडे असते. वाफ्यासाठी प्रतीक्षायादी सहा वर्षांची आहे. ज्यांना वाफा मिळतो ते तो सोडत नाहीत. (जे सोडतात ते बहुधा सगळेच सोडून जातात.)

यंदा वसंत संपायला महिना उरला असताना वाफा क्रमांक सतरा रिकामा झाला आणि यादीत पहिले नाव निघाले घड्याळजींचे.

घड्याळजी म्हणजे पोस्टाच्या जिन्याखाली घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ. वय अठ्ठावन्न. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसतात आणि आठवड्यात जेवढे बोलतात, तेवढे आमच्या अध्यक्षा मोठ्या बाई एका श्वासात बोलतात. (मोठ्या बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. शाळा आता बरी आहे.) घड्याळजींनी मातीला जन्मात हात लावलेला नव्हता. अर्ज त्यांनी केला होता तो थोरल्या बहिणीसाठी. आई लवकर गेल्यामुळे या अक्कांनीच त्यांना लहानाचे मोठे केलेले. पूर्वी दोघांचे बैठे घर होते, मागे परसू होते, त्यात अक्का दिवसभर असत. ते घर गेले आणि अठरा वर्षांपूर्वी दोघे आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आले. अक्कांचे गुडघे दुखायला लागल्यापासून त्या फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरतात. सहा वर्षांपूर्वी एकदा खिडकीशी बसल्या असता त्या म्हणाल्या, "मातीत हात घालून किती दिवस झाले रे." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता घड्याळजी माझ्या दारात अर्ज घेऊन उभे होते.

वाफा मिळाला, पण नियम नऊ सर्वांना लागू आहे. वसंत संपता संपता, शेवटच्या रविवारी, उद्यान खात्याकडून पाहणी होते. त्या दिवशी वाफा 'हिरवा' असावा लागतो. हिरवा म्हणजे, उभ्या माणसाने पाहिले असता दोन तृतीयांश जमीन पानांखाली झाकलेली असणे. (तणाची पाने धरली जात नाहीत. या पोटनियमावर दोन वर्षे वाद झाला.) हिरवा नसेल तर वाफा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जातो. घड्याळजींच्या हातात बरोबर तीस दिवस होते.

पहिल्या दिवशी ते नवे खुरपे, एक चिमटा, मुळ्याचे बी आणि टोमॅटोची तीन रोपे घेऊन आले. त्यांनी जमीन भुसभुशीत केली, फूटपट्टी लावली आणि चिमट्याने दीड-दीड इंचावर एकेक बी ठेवायला सुरुवात केली. पहिली रांग पूर्ण व्हायच्या आत मागे पाच जण उभे होते.

"मूळ खोल जायला हवं," वाफा चारचे दंतवैद्य म्हणाले. "वरवरच्या कामाचा पुढे त्रास होतो."

"खोल कशाला? अंतर ठेवा," वाफा बाराचे निवृत्त बसचालक म्हणाले. "दोन रोपांत अंतर नसलं की अचानक काही झालं तर वेळ मिळत नाही."

"आधी आधार," मोठ्या बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून वळण लावलं तरच सरळ वाढतात." आणि त्यांनी स्वतःच्या वाफ्यातून बारा काठ्या आणून घड्याळजींच्या वाफ्यात रोवल्या. रोपे यायची होती, पण शिस्त आलेली होती.

इथे दुसऱ्या कोणीही हसून मान डोलावली असती आणि आपलेच खरे केले असते. घड्याळजींची अडचण निराळी होती. त्यांच्या दुकानात त्यांना कोणी कधी सल्ला देत नाही. उघडलेले घड्याळ समोर असले की गिऱ्हाईक श्वाससुद्धा जपून घेते. त्यामुळे माणूस बोलतो तेव्हा त्याला त्यातले कळत असते, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. त्यांनी खिशातून वही काढली, तिघांचे म्हणणे क्रमांक घालून लिहिले, आणि चिमट्याने ते सारे बी पुन्हा वर काढले. एकही हरवले नाही. मग ते खोल पेरले. संध्याकाळी ते पुन्हा काढून अंतर वाढवून पेरले.

दहाव्या दिवसापर्यंत वहीत दोनशे बारा सल्ले झाले. मी चिटणीस या नात्याने त्यांचे वर्गीकरण केले आहे. जास्त पाणी घाला: एकशे चार. कमी पाणी घाला: एकशे तीन. उरलेले पाच घड्याळजींच्या बसण्याच्या पद्धतीबद्दल. (यांतले माझे फक्त अकरा. मी मुद्दामच हात आखडता ठेवला होता.) घड्याळजींनी एकही सल्ला वाया जाऊ दिला नाही. टोमॅटोच्या तीन रोपांना त्यांनी नऊ वेळा हलवले, कधी सावलीत, कधी उन्हात, कधी नळाजवळ, कधी नळापासून लांब. बसचालकांनी पावलांनी मोजून सांगितले, की मधल्या रोपाचा एकूण प्रवास चौऱ्याहत्तर फूट झाला आहे आणि आता त्याला जरा विश्रांती द्यावी. तोही सल्ला वहीत गेला.

अशातच समितीकडे लेखी तक्रार आली. सल्ला देण्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती सल्ल्याची संधी सर्वांना समान मिळत नसल्याची. दंतवैद्यांनी एका संध्याकाळी सलग एक्केचाळीस मिनिटे घेतली, त्यामुळे मागे उभे असलेले तसेच घरी गेले, असे त्यात नमूद होते. तातडीची सभा झाली. गणपूर्ती आमच्या इतिहासात पहिल्यांदाच न बोलावता झाली. मी मसुदा मांडला आणि तो सर्वानुमते संमत झाला. सबब, सल्ले दररोज सायंकाळी पाच ते सात या वेळेतच दिले जातील. प्रत्येकास आठ मिनिटे. एका संध्याकाळी पंधरा जण, उरलेले बारा दुसऱ्या दिवशी, आणि राहिलेल्या तीन जागा पूरक सल्ल्यांसाठी. दिलेला सल्ला अठ्ठेचाळीस तासांत अमलात न आणल्यास लेखी खुलासा द्यावा. आठ मिनिटे मोजण्यासाठी गजराचे घड्याळ लागणार होते. ते घड्याळजींनीच दिले.

हा नियम करताना एक बारीक गोष्ट ध्यानात आली नाही. सायंकाळी पाच ते सात ही आमची भाजीला पाणी घालायची वेळ होती.

बाराव्या दिवशी मी खुलाशाच्या नमुन्यावर सही घ्यायला तिसऱ्या मजल्यावर गेलो. (मी दुसऱ्यावर राहतो, त्यामुळे समितीचा पत्रव्यवहार जलद होतो.) अक्का खिडकीशी बसल्या होत्या. घड्याळजी ताटावर होते, पण जेवत नव्हते.

"काय आलंय वाफ्यात?" अक्कांनी विचारले.

"अजून चर्चा चालू आहे," घड्याळजी म्हणाले.

"कुणाशी? मुळ्यांशी?"

घड्याळजींनी वही पुढे केली. अक्कांना चष्मा सापडेना, म्हणून वाचनाची जबाबदारी मी घेतली. पहिल्यापासून सुरुवात केली, योग्य तिथे आवाज चढवून. सोळाव्या सल्ल्याला त्या म्हणाल्या, "पुरे."

मग घड्याळजी ताटाकडे बघत म्हणाले, "अक्का, मला जमत नाहीये. सगळं सांगतात तसंच करतोय. बी रुजतच नाही."

"रुजायला एका जागी राहावं लागतं त्याला. किती दिवस उरलेत?"

"अठरा."

"उद्या दुपारी मला खाली ने."

"बावन्न पायऱ्या आहेत."

"ठाऊक आहे. उतरताना बावन्नच असतात. चढताना वाढतात, ते चढताना बघू."

दुपार ही सल्ल्याची विहित वेळ नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

"म्हणूनच दुपारी," अक्का म्हणाल्या.

दुपारी वाफ्यात काम करू नये असे आमच्या नियमांत कुठेही म्हटलेले नाही (राहून गेले). तेव्हा दुसऱ्या दिवशी मी केवळ निरीक्षणासाठी गेलो. अक्कांना यायला चाळीस मिनिटे लागली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर घड्याळजी त्यांच्यासाठी स्टूल मांडत आणि त्या बसल्या की स्वतः एक पायरी खाली उभे राहत. वाफ्याशी त्यांनी बादली उपडी घातली, तिच्यावर अक्कांना बसवले. अक्कांनी काठी बाजूला ठेवली, त्या वाकल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले. तशाच बसून राहिल्या. बराच वेळ. घड्याळजी नळाकडे बघत उभे होते, म्हणून मीही नळाकडे बघितले. नळाला काही झालेले नव्हते.

"माती चांगली आहे," शेवटी अक्का म्हणाल्या. "छळलीत फार."

मग त्यांनी काठीने वाफ्यात आडवी रेघ ओढली. पुढचा तीन फुटांचा पट्टा एकीकडे, मागचे सतरा फूट एकीकडे. "तुझी ती टोमॅटोची रोपं पुढे लाव," त्या घड्याळजींना म्हणाल्या. "लोकांना बोलायला जागा हवी असते. तेवढी देऊन टाक."

मागच्या भागात पालक, मुळा, घेवडा पडला. कडेला काकडीच्या चार बिया. चिमटा अक्कांनी मागून घेतला आणि पदराखाली ठेवला. बी त्या मुठीने टाकत होत्या, घड्याळजी मागून माती ओढत होते, फूटपट्टी त्यांच्या खिशातच राहिली. उन्हाचा ताप फार होता म्हणून मोठ्या बाईंच्या त्या बारा काठ्यांवर जुन्या चादरी ताणून सावली केली. एवढे झाल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या.

"तुमच्याकडे समितीचा शिक्का असतो ना?"

"असतो."

"मग एक पाटी लिहा."

मी 'प्रायोगिक क्षेत्र. हात लावू नये.' असे लिहून खाली शिक्का मारला. ठराव नव्हता, सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता. का लिहिली हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी लिहा म्हटले आणि मी लिहिली.

पाटीचा परिणाम उत्तम झाला. आमच्या सभासदांना रोप आणि तण यांतला फरक कळायला वेळ लागतो, पण शिक्का लगेच कळतो. चादरींपलीकडे कोणी डोकावलेसुद्धा नाही. रोज पाच वाजता गजराचे घड्याळ लावले जाई, पंधरा जण रांगेने येत आणि तीन रोपांना सत्तावीस वाफ्यांचे ज्ञान मिळे. घड्याळजी आता मन लावून ऐकत. वहीसुद्धा भरत. पाटी लागल्यावर सातव्या दिवशी दंतवैद्य मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस किती सुधारला बघा. आपल्यामुळे."

दुपारी अक्का येत. चाळीस मिनिटांची पस्तीस झाली, मग तीस. घड्याळजी एक ते चार दुकान बंद ठेवू लागले. पोस्टात येणारे लोक आपापली बंद घड्याळे घेऊन जिन्याखाली ताटकळत, ही सार्वजनिक गैरसोय मी नोंदवून ठेवली आहे.

पाहणीचा रविवार उजाडला. उद्यान निरीक्षक म्हणून एक तरुण बाई आल्या. डोक्यावर टोपी, हातात मोजपट्टी, बोलणे मोजके. फाटकाबाहेर प्रतीक्षायादीतले तीस-चाळीस जण आधीच उभे होते. काहींनी खुरपी बरोबर आणली होती.

वाफा एक, मोठ्या बाईंचा: काठ्यांच्या बारा रिकाम्या खोबणी, पाने नाहीत. वाफा चार, दंतवैद्यांचा: टोमॅटोवर मावा, कीड पार मुळापर्यंत, वेळेवर लक्ष दिले नाही असा शेरा. वाफा नऊ, माझा: एक चप्पल. (ती माझी नव्हती.) वाफा बारा, बसचालकांचा: दोन रोपे, एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर वाळलेली. अशा रीतीने निरीक्षक बाई सोळापर्यंत आल्या आणि एकदाही मोजपट्टी उघडावी लागली नाही.

सतराशी अक्का बादलीवर बसल्या होत्या. त्यांनी काठीच्या टोकाने चादर उचलली. पालक चार बोटे वर आला होता, मुळ्याची पाने एकमेकांवर चढली होती, घेवड्याने ओळ धरली होती आणि काकडीच्या वेलाने चादर बांधलेल्या सुतळीला नुकतेच बोट लावले होते. माती कुठे दिसत नव्हती. निरीक्षक बाई खाली बसल्या. त्यांनी मोजपट्टी लावली, आणि मग उगाचच पुन्हा एकदा लावली.

"हे कोणाच्या मार्गदर्शनाखाली झालं?" त्यांनी विचारले.

सव्वीस हात वर गेले. क्षणभराने सत्ताविसावा गेला. तो माझा होता.

त्यांनी अक्कांकडे पाहिले. "आजी, काय केलंत?"

"बी टाकलं. पाणी घातलं."

"आणि?"

"आणि थांबले."

समितीला हे उत्तर असहकाराचे वाटले. परंतु त्यावर चर्चा करायला सवड मिळाली नाही, कारण अठरा ते अठ्ठावीस पाहून झाल्यावर निरीक्षक बाईंनी जाहीर केले, की नियम नऊनुसार एक वाफा कायम आणि सत्तावीस रद्द. फाटकाबाहेर हालचाल झाली.

मी पुढे झालो. अशा प्रसंगीच चिटणीसाचा कस लागतो. मी म्हटले, आमच्या सत्तावीस वाफ्यांची हिरवळ नाहीशी झालेली नसून ती सल्ल्याच्या रूपाने वाफा सतरामध्ये गुंतवलेली आहे. यास्तव सतराची हिरवळ ही अठ्ठावीस वाफ्यांची सामाईक हिरवळ समजण्यात यावी. मागून मोठ्या बाईंनी टाळी वाजवली.

निरीक्षक बाईंनी शांतपणे वहीत भागाकार केला. "सामाईक धरली तर प्रत्येकाला सात चौरस फूट येते," त्या म्हणाल्या. "म्हणजे सगळेच नापास. सतरासुद्धा. तसा अर्ज द्यायचा असेल तर आत्ता द्या, मला पुढे जायचंय."

घड्याळजींनी खिशातली सल्ल्यांची वही काढली आणि ती धरून ते अक्कांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांचा दुसरा हात अक्कांच्या खांद्यावर होता. अक्का वेलाकडे बघत होत्या. माझ्या हातात कोरा कागद तयार होता, दोन प्रतींसाठी मध्ये कार्बनही घातलेला होता. मी मोठ्या बाईंकडे पाहिले, कारण अर्जावर अध्यक्षांची सही लागते.

मोठ्या बाई गप्प होत्या. त्यांना गप्प असलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. आठ मिनिटे पुरी झाली असती, एवढा वेळ गेल्यासारखे वाटले.

"अर्ज नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्यांनी केलंय. आमचं आम्ही केलं नाही."

दंतवैद्यांनी तोंड उघडले आणि मिटले. बसचालक टोपी काढून आपल्या वाफ्याच्या दिशेने चालू लागले, खुरपे तरी घरी न्यावे म्हणून.

"थांबा हो जरा," अक्का म्हणाल्या. मग निरीक्षक बाईंना, "पोरी, यांना एक महिना दे. माती वाईट नाही इथली. माणसंही वाईट नाहीत. उभी राहतात नको तिथे, एवढंच."

निरीक्षक बाईंनी टोपी सारखी केली, विचार केला आणि शेरा लिहिला: एक महिना मुदतवाढ, अट एकच, प्रत्येकाने आपापल्या वाफ्यात राहावे, तोवर सल्ल्यास मनाई. फाटकाबाहेरचे लोक नाराज झाले, पण जाताना एकाने दंतवैद्यांना माव्यावर काय फवारावे ते सांगितलेच. तो सभासद नसल्याने त्याला मनाई लागू होत नव्हती.

तो महिना समितीला जड गेला. पहिले दोन दिवस संध्याकाळी लोक आपापल्या वाफ्यात उभे राहून शेजारच्या वाफ्याकडे बघत आणि ओठ चावत. तिसऱ्या दिवशी, दुसरे काही करता येत नसल्याने, कोणीतरी झारी उचलली. मुदतीअखेर अठ्ठावीस वाफे हिरवे भरले. माझ्यासुद्धा वाफ्यात पालक आला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आल्यामुळे तो पालकच आहे याची मी अक्कांकडून खात्री करून घेतली. वार्षिक अहवालात हे यश 'समितीच्या संयमी धोरणाचे फलित' म्हणून नोंदवले आहे. अक्का अजून रोज दुपारी उतरतात. पहिली काकडी निघाली तेव्हा दोघे भावंडे वाफ्याच्या कडेला बसून ती खात होती. मी नुसता बघून परत आलो.

राहता राहिला एक प्रश्न. सभासदांनी सभासदांना सल्ला देण्यास मनाई आता कायम झाली आहे, त्यामुळे समितीचे सल्ला दप्तर ओस पडले आहे. वाचकांना मात्र ही मनाई नाही. आणि हे वाचता वाचता तुम्हाला बरेच काही सुचलेले आहे, याची आम्हाला कल्पना आहे. मुळा आणि काकडी शेजारी लावायला नको होती. पाणी दुपारी घालायचे नसते. घड्याळजींनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायला हवे होते. ही गोष्ट अक्कांच्या उत्तराशीच संपवायला हवी होती. सर्व सूचनांचे स्वागत आहे. विहित नमुना माझ्याकडे मिळेल, दोन प्रतींत भरावा, वेळ पाच ते सात. निघण्यापूर्वी फक्त तुमच्या गॅलरीतल्या त्या कुंडीला पाणी घाला. आणि ती अजून जिवंत असेल, तर यायची घाई करू नका.